कवडीच्या दारामागे

बॉस वारला. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला शेवटासाठी ताटकळत ठेवणं त्याला अजिबात खपायचं नाही. 'आपल्यात राहिला नाही', 'दूरच्या प्रवासाला निघाला' असलं काही मी लिहिलं असतं तर त्याने पेटीतून उठून मला झापलं असतं. मागच्या वर्षी, गिरगावातल्या स्वतःच्या घरी, हृदय बंद पडून वारला. शिवडीला पुरला. मी माती टाकून आले.

त्याच संध्याकाळी चॅनेलने श्रद्धांजली टाकली. लाल दार, दारासमोर पाठमोरी उभी कवडी, तिचा वर उचललेला हात, आणि खाली ओळ : 'काही दारं उघडी ठेवूनच कलाकार निघून जातो.' वाचून माझं डोकंच फिरलं. पहिली गोष्ट म्हणजे त्या चित्रातलं दार बंद आहे. ते मी रंगवलंय, मला नाही तर कोणाला माहीत असणार? आणि दुसरी गोष्ट, ते बंद राहिलं ते ह्याच चॅनेलमुळे. गळाही ह्यांनीच दाबायचा आणि हारही ह्यांनीच घालायचा. मोबाइल फेकावासा वाटला, पण नवा होता म्हणून फेकला नाही.

ज्यांना कवडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ती लहान मुलांची कार्टून मालिका होती, आणि ती करणाऱ्या आम्हा मूठभर लोकांचा बॉस हा दिग्दर्शक. कवडी ही कोकणातल्या एका बंदरावरची पोरगी. तिचा बाप जहाजावर गेला तो परत आला नाही, म्हणून ती होडी घेऊन त्याला शोधायला निघते. बरोबर एक कुर्ली, म्हणजे खेकडी, असते. कुर्ली वाट दाखवते, पण तिला तिरकंच चालता येत असल्याने होडी नेहमी भलत्याच बेटाला लागते. प्रत्येक भागात नवं बेट, नवी माणसं. शेवटी कवडी फिरून आपल्याच घरी येते, कडी वाजवायला हात उचलते, आणि मालिका तिथेच संपते. म्हणजे संपवली गेली. त्यावर आजही दाढीवाली मुलं तासतासभर व्हिडिओ करून सांगतात, की दाराचा लाल रंग म्हणजे रक्ताचं नातं आणि उचललेला हात म्हणजे माणसाची चिरंतन प्रतीक्षा. दार लाल होतं कारण मालवणला आमच्या घराचं दार लाल आहे. आणि हात उचललेला राहिला कारण त्यापुढचं चॅनेलने कापलं. ह्यापलीकडे त्यात काडीचाही अर्थ नाही.

आमचा स्टुडिओ लालबागला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात होता. खाली मसाला कुटायचे. मे महिन्यात मिरच्यांचा धंदा जोरात चालायचा तेव्हा आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागे, कारण समुद्राच्या मधोमध कवडी शिंकायची. मी बॅकग्राउंड रंगवायला लागले तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. पहिल्या दिवशी बॉसला 'तुम्ही' म्हटलं, तर त्याने मागे वळून पाहिलं आणि आणखी कोण आलंय असं विचारलं. तेव्हापासून आम्ही सगळे त्याला अरे-तुरेच करत असू, आणि वयाने बापाएवढ्या माणसाशी अरे-तुरे करायची सवय लागली की भांडणंही बरोबरीने होतात. आमची खूप झाली.

त्याच्या वेडाचं मूळ एकच. अर्धवट सोडलेली गोष्ट त्याला सहन होत नसे. मग ती कुठलीही असो. फोनवर कोणी 'बघू' म्हणालं की ह्याचा पारा चढायचा. "बघू म्हणजे नाही. मग नाही म्हण ना, मॅन, तोंड दुखतं काय?" लग्नाच्या आमंत्रणाला लोक 'प्रयत्न करतो' म्हणतात, हा तोंडावर 'येणार नाही' म्हणून मोकळा व्हायचा, आणि ज्याला म्हटलं तो महिनाभर फुगून बसायचा. आमच्या एका एडिटरचं एका मुलीशी धड जुळतही नव्हतं आणि तुटतही नव्हतं. बॉसने त्याला काम बंद करून तिला फोन लावायला लावला, आणि लागेपर्यंत स्वतः शेजारी उभा राहिला. ती नाही म्हणाली. एडिटर दिवसभर रडला, बॉसने त्याला भारतमाता टॉकीजजवळ नेऊन ऑम्लेट-पाव खिलवला, आणि आपण त्या पोराचं भलं केलं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. त्या मुलाने पुढच्याच वर्षी दुसरीशी लग्न केलं हा भाग वेगळा.

निघताना तो 'येतो' म्हणत नसे. 'जातो' म्हणायचा. आमच्याकडे हे किती अशुभ मानतात ते सांगायला नको. माझ्या आईसमोर पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिने तो जिना उतरेपर्यंत देवाचं नाव घेतलं. त्याचं कारण मला त्याच्या बहिणीने सांगितलं. ही त्याची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, आणि गिरगावातल्या वाडीत दोघं भावंडं शेवटपर्यंत एकत्र राहिली. त्यांचा बाप बोटीवर कुक होता. बॉस लहान असताना 'येतो' म्हणून गेला आणि आला नाही. बोट बुडाली नव्हती, प्रेत सापडलं नव्हतं, पत्र नव्हतं. कंपनीने काहीच कळवलं नाही. मग आईने पोरांना सांगितलं की नाताळला येईल. तो नाताळ गेला, पुढचाही गेला. दरवेळी टेबलावर बापाचं ताट मांडायचं आणि रात्री तसंच उचलून ठेवायचं. बहिणीला खूप आधी समजलं होतं, पण आईने तिच्याकडून वचन घेतलं होतं की धाकट्याला काही बोलायचं नाही. बॉसला मिसरूड फुटली तरी तो नाताळच्या दिवशी गोदीच्या गेटापर्यंत चक्कर मारून यायचा. हे सांगताना तिने एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. फक्त म्हणाली, "मी बोलायला पाहिजे होतं, बाय. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं."

कामातही तो तसाच उलटा. सगळं जग मालिका पहिल्या भागापासून करतं. चॅनेल चार-चार भागांना होकार देतं, तसतसं पुढे सरकायचं. बॉस आधी शेवट करायचा. पहिल्या भागातली एक रेघ मारायच्या आधी शेवटची दोन मिनिटं आमच्याकडून पूर्ण काढून, रंगवून, आवाज भरून घ्यायचा. घर कुठे आहे ते ठाऊक नसेल तर फिरायला निघूच नये, असं त्याचं म्हणणं. निर्माते डोकं धरून बसायचे, पण तो ऐकत नसे. त्यामुळे कवडीचा शेवट आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होता. कवडी कडी वाजवते. आजी दार उघडते. कवडी आत डोकावते, आजीकडे बघते. आजी म्हणते, "बाबा येणार नाही. हात धू, जेवायला बस." बस, इतकंच. ना गाणं, ना आभाळातून बापाचा हात. मी त्या स्वयंपाकघराची चूल रंगवताना रडले होते, आणि आमच्यातलं कोणी रडायचं राहिलं नव्हतं. ती दोन मिनिटं म्हणजे बॉसचा जीव होता. बाकी सगळी बेटं तिथे पोचण्यासाठी होती.

मग चॅनेलने मालिका बंद केली. कवडीचे डबे आणि दप्तरं खपली नाहीत, आणि त्या वेळेला कुस्ती खेळणाऱ्या माकडांची बाहेरची मालिका आली होती. पुढचे सगळे भाग रद्द. आमचा रडका शेवट त्यांना नकोच होता. तयार होता, रंगवलेला होता, नुसता जोडायचा होता, तरी नको. त्यांनी त्यातली फक्त सुरुवात घेतली, कवडीने हात उचलला तिथे चित्र गोठवलं आणि वर 'समाप्त' छापलं. बॉस मला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेला. लोअर परळला गिरणी पाडून बांधलेली काचेची इमारत. तिथल्या मॅडमनी फार गोड आवाजात सांगितलं की असा शेवट जास्त सुंदर वाटतो, मुलं आपापल्या मनाने ठरवतील, त्यांच्या कल्पनाशक्तीला वाव मिळेल. बॉस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा नवरा आज घरी नाही आला, तर तुम्ही मनाने ठरवणार?" आम्हाला खाली सोडायला दोन सिक्युरिटीवाले आले. शेवटाच्या फायली चॅनेलच्या मालकीच्या होत्या, त्या त्यांच्याकडेच राहिल्या. पुढे कधीतरी चौकशी केली तर कोणाला काही पत्ता नव्हता.

स्टुडिओ बंद पडला. बॉस जाहिराती करत राहिला, मी लग्नपत्रिकांची चित्रं करू लागले. आणि इतकी वर्षं गेल्यावर अचानक कवडी पुन्हा जिवंत झाली. तेव्हाची पोरं आता कमावती झाली होती. त्यांनी लाल दाराचे टी-शर्ट काढले. बाप आत आहे की नाही यावर त्यांचे दोन तट पडले, भांडणं जुंपली. तेव्हा ढुंकूनही न बघणारं चॅनेल आता म्हणायला लागलं की ही आमची परंपरा आहे. शिवाजी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये त्यांनी कवडीप्रेमींचा मेळावा ठेवला. बॉसला बोलावलं, आम्हालाही. नवी मालिका करायची होती, काम पुन्हा आमच्याच लोकांना मिळणार होतं. अट एकच. दार बंदच राहील, कारण लोकांचं प्रेम त्या दारावर आहे, आणि बॉसने स्टेजवरून इतकंच म्हणायचं की हा शेवट आम्ही असाच ठरवला होता.

मी गिरगावला जाऊन त्याच्या हातापाया पडले. मला त्या कामाची गरज होती, आणखी चार-पाच जणांना माझ्यापेक्षा जास्त होती. त्याने तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. मीच मूर्ख, इतकी वर्षं त्याला ओळखून त्याच्या 'नाही'ला 'बघू' समजले.

मेळाव्यात चॅनेलच्या नव्या साहेबाने, चकचकीत बुटातल्या एका पोराने, शेवट असाच ठरवला होता ना, असा लडिवाळपणे प्रश्न टाकला. बॉसने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "ठरवलं बिरवलं काही नव्हतं. ह्यांनी कापलं." लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग बॉस म्हणाला की शेवट काय होता ते आता सांगतो, आणि त्या हॉलमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. 'नको, नको' असा गलका झाला. मोठमोठी माणसं, नोकऱ्या करणारी, काहींच्या मांडीवर पोरं, कानात बोटं घालून बसली. हसत हसत. पहिल्या रांगेतली एक मुलगी तर हात जोडून विनवत होती की प्लीज, आमचा शेवट मोडू नका. बॉस बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. कोणीतरी माइक बंद केला.

बाहेर फुटपाथवर मी त्याला नाही नाही ते बोलले. एक वाक्य होतं, एक खोटं वाक्य, त्याच्यावर आमची चूल पेटली असती. त्याने सगळं ऐकून घेतलं. समोर मैदानात नेटमध्ये पोरं बॅटिंग करत होती, तिकडे बघत राहिला.

"लहान होती तेव्हा ह्याच पोरांनी पत्रं पाठवलेली," तो म्हणाला. "सांगा ना, बाबा आहे की नाही? पोतं भरून. आता मोठी झाली तर त्यांना कोडं पाहिजे. टाइमपासला."

"मग देऊन टाकायचं कोडं. तुझं काय गेलं असतं?"

"मी बसलोय असल्या कोड्यात. तू नाही बसलीस."

जातो म्हणाला आणि गेला. काम बोंबललं. त्याचा मला अजून राग आहे, आणि तो वारला म्हणून काही तो कमी झालेला नाही. पण कानात बोटं घालणाऱ्या त्या माणसांचा जास्त आहे. दुसऱ्याच्या दुःखाची ह्यांना चव पाहिजे, त्याचा शेवट मात्र नको.

आम्ही बरेच दिवस बोललो नाही. मग गणपती जवळ आले, आणि करी रोडला आमच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या मंडळाची पंचाईत झाली. दरवर्षी हलता देखावा करणारा माणूस ऐनवेळी उपनगरात मोठ्या मंडळाकडे गेला. माझे बाबा मंडळाच्या जुन्या लोकांपैकी. ते म्हणाले, "तुझो तो कार्टूनवालो काय करता?" मी फोन केला. देखावा म्हटल्याबरोबर, विषय कोणता ते ठरायच्या आधीच बॉस हो म्हणाला, आणि मला तेव्हाच समजलं की तो काय करणार.

फायली नव्हत्या, पण त्याला प्रत्येक रेघ पाठ होती. प्लायवूडची कवडी, प्लायवूडची कुर्ली, गाडीच्या वायपरच्या मोटरी. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन आम्ही निळं सॅटिन आणलं, त्याचा समुद्र झाला. दार मी रंगवलं, लालच. आजीच्या आवाजासाठी कोणाला बोलवायचं असं मी विचारलं, तर बॉसने बहिणीसमोर माइक धरला. वाडीतल्या त्यांच्या खोलीत, दुपारी, खिडकी लावून. ती आधी नको म्हणाली. मग माइककडे न बघता भावाकडे बघून म्हणाली, "बाबा येणार नाही. हात धू, जेवायला बस." बॉसने दुसरा टेक मागितला नाही. आम्ही तिघं नंतर चहा प्यायलो.

पहिल्या संध्याकाळी देखावा सुरू झाला. होडी हलली, बेटं सरकली, कवडी दाराशी आली, तिचा हात वर गेला आणि कडी वाजली. दार उघडलं. आजीने आपलं वाक्य म्हटलं. दुसऱ्या खेपेला एक लहान मुलगी रडायला लागली, तिचं बघून आणखी दोघं. आया कुरकुरू लागल्या. मंडळाचा सेक्रेटरी धावत आला. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता.

"काका, दार बंदच ठेवू ना आपण. हात वर केला की लाइट घालवायची. सणासुदीला पोरं रडतायत. पुढे काय ते ज्याचं त्याने समजून घेतील."

अगदी काचेच्या इमारतीतलंच बोलणं. मी त्याच्यावर धावूनच जाणार होते, पण बॉसकडे बघून थांबले. तो भांडत नव्हता. मोटरीच्या बटणाशी खुर्चीवर बसला होता तो तसाच बसून राहिला, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. चॅनेलशी तो भांडला, हॉलभर लोकांशी भांडला, पण इथे आपल्याच माणसांनी दार लावायला सांगितल्यावर त्याच्यात काही उरलं नाही. त्याने वायरकडे हात नेला.

तेवढ्यात बाबा मध्ये आले. माझे बाबा गिरणीतले. संप झाला तेव्हा ऐन उमेदीत होते. तो संप कोणी मागे घेतला नाही, संपला म्हणूनही कोणी सांगितलं नाही. आई डबा भरून द्यायची आणि बाबा गेटवर जाऊन उभे राहायचे, कारण आज नाही तर उद्या भोंगा वाजेल असं सगळे म्हणत होते. मी जन्मले, शाळेत जायला लागले, तरी ते दुसरी नोकरी बघत नव्हते. आई अजूनही त्या वर्षांबद्दल बोलत नाही. बाबाही बोलत नाहीत. त्या दिवशी ते सेक्रेटरीला हळूच बाजूला सारून वायरीसमोर उभे राहिले.

"संप संपलो म्हणान आमका कोणी सांगूकच नाय," बाबा म्हणाले. "ह्या पोरांका तरी सांगा. उघडूंदे ता दार."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मागे खुर्च्यांवर बसलेले त्यांच्या वयाचे दोघं-तिघं उठून त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. सेक्रेटरी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग रांग नीट करायला निघून गेला. बॉसने बटण दाबलं. पुन्हा समुद्र, पुन्हा बेटं, पुन्हा ते दार.

मघाशी रडणारी मुलगी अजून कठड्याला धरून उभी होती. आई ओढत होती तरी हलत नव्हती. दार उघडलं, आजी बोलली, लाइट गेली, आली. मुलगी सरळ देखाव्याच्या कडेने आत घुसली आणि मोटरीजवळ बसलेल्या बॉसला विचारू लागली. नाक वाहत होतं, आवाज मात्र स्वच्छ होता.

"मग ती जेवली का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. विचारायची वेळच येऊ दिली नव्हती त्या हलकटांनी. बॉस खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"जेवली," तो म्हणाला. "भात परत मागून घेतला."

मुलीने मान हलवली आणि आईबरोबर घरी गेली.